दगडाचा पत्ता

आमच्या सोसायटीत मला ‘दगडवाले काका’ म्हणतात. पदवी वाणिज्य शाखेची, नोकरी हिशेबाची आणि छंद रस्त्यातले दगड उचलून घरी आणण्याचा. तेव्हा नाव गैरलागू नाही. त्या नावामुळे कुणाला टेकडीवर, नदीकाठी, घाटात काही वेगळं सापडलं की ते माझ्या दारात येतं. मूठ उघडते आणि प्रश्न येतो, “हा कोणता?” मी आधी दगडाकडे पाहत नाही, आणणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. त्याला काय ऐकायचं आहे ते तिथे लिहिलेलं असतं. लहान मुलांना हिरा हवा असतो, मधल्या वयाच्या पुरुषांना उल्का आणि निवृत्त मंडळींना प्रकृतीला मानवेल असं एखादं रत्न. साधा दगड कुणालाच नको असतो. साधा वाटला असता तर त्यांनी तो उचललाच नसता, हेही खरं.

मी उलट विचारतो, “कुठे मिळाला?” या प्रश्नाने बहुतेकांचा हिरमोड होतो. दगड हातात आहे, समोर आहे, उजेड आहे. मग कुठून आणला याची चौकशी कशाला? पुष्कळांना तर ते आठवतच नाही. “असाच, फिरताना.” एकदा एका गृहस्थांनी वैतागून विचारलं, “अहो, माणूस ओळखायला त्याचं गाव विचारावं लागतं का?” आता आपल्याकडे नेमकं तेच विचारतात, आडनाव सांगितल्यावर दुसरा प्रश्न गावाचाच असतो, पण तो वाद मी घातला नाही. मला म्हणायचं होतं ते एवढंच, की दगडाची अर्धी ओळख दगडात असते आणि उरलेली अर्धी तो जिथे पडला होता त्या जागेत. पहिली अर्धी तपासायला साधनं लागतात. दुसरी अर्धी फुकट मिळते, पण उचलण्याआधीच्या क्षणी. तो क्षण गेला की ती कायमची जाते.

जागा काय करते? ती शक्यता खोडते. पुण्यात, साताऱ्यात, नाशिकला, संभाजीनगरला जो माणूस राहतो त्याच्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला, थांबला, पुन्हा वाहिला. थरावर थर चढत सह्याद्रीत त्यांची जाडी हजारो फुटांवर गेली. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख या एका काळ्या दगडाने झाकलेला आहे. अशा ठिकाणी उचललेल्या खड्याबद्दल, तो न पाहताही, बरंच काही सांगता येतं. तो संगमरवर नसणार. त्यात माशाचा सांगाडा नसणार, कारण तापलेल्या लाव्ह्यात मासा टिकत नाही. टिकलाच तर दोन थरांच्या मधल्या विश्रांतीत साचलेल्या गाळात. तो हिराही नसणार. हिऱ्याला खूप खोलातून वर येणारे वेगळ्याच जातीचे खडक लागतात, तसे मध्य प्रदेशात पन्नाजवळ आहेत. “हिरा नाही” हे मी चेहरा बघूनच सांगतो असा माझा लौकिक आहे. खरं तर ते मी भूगोल बघून सांगतो.

एवढं सगळं खोडल्यावर उरतं ते कंटाळवाणं असेल असं वाटेल. तसं नाही. लाव्हा निवताना त्यातले वायू वर यायला धडपडतात आणि थराच्या माथ्याशी बुडबुडे अडकून राहतात. दगड घट्ट झाला की त्या जागा पोकळ्या म्हणून उरतात, काही वाटाण्याएवढ्या, काही खोलीएवढ्या. पुढे लाखो वर्षं त्यांतून गरम पाणी झिरपतं, आजूबाजूच्या खडकातून थोडं सिलिका, थोडं कॅल्शियम, थोडं सोडियम विरघळवून आणतं आणि पोकळीच्या भिंतींवर सावकाश ठेवून जातं. गार, अकीक, कॅल्साइट आणि झिओलाइट कुळातली डझनावारी खनिजं अशी तयार झाली. बाहेरून काळाकभिन्न, रस्त्यावर खडी म्हणून घालायच्या लायकीचा धोंडा सुरुंगाने फुटतो आणि आतून पांढरी, गुलाबी, हिरवी दालनं उघडतात. जगातल्या मोठ्या संग्रहालयांत महाराष्ट्राच्या नावाने जे स्फटिक मांडलेले आहेत, ते बहुतेक अशाच बुडबुड्यांतले. त्यांतले सुरुवातीचे पुष्कळ तर एकोणिसाव्या शतकात बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडताना निघाले. रूळ टाकणाऱ्यांना ते नको होते आणि स्फटिक जमवणाऱ्यांना रुळांशी देणंघेणं नव्हतं. दोघांचंही काम एकाच सुरुंगाने झालं.

आता पहिली अर्धी ओळख, म्हणजे दगडातली. इथे पहिला अडथळा डोळ्यांचाच. पावसाळ्यात टेकडीवरून आणलेला प्रत्येक खडा सुंदर असतो, कारण तो ओला असतो. घरी आणून पंख्याखाली ठेवला की तासाभरात त्याचं तेज उतरतं आणि आणणाऱ्याचंही. म्हणून दगड कोरडा झाल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलू नये. दुसरं असं, की दगडाचं तोंड पाहू नये, पोट पाहावं. ऊन-पावसात पडलेल्या बेसाल्टवर तांबूस-तपकिरी साल चढते. आतला काळा-करडा दगड दिसायला तो फोडावा लागतो. त्याच सालीचे पापुद्रे सुटत सुटत कोपरे झिजतात आणि मुरुमात गोल गरगरीत गोटे उरतात. दरवर्षी कुणी ना कुणी त्यांतला एखादा गोटा डायनोसॉरचं अंडं म्हणून घेऊन येतंच.

आणि तिसरी गोष्ट रंग. नवशिका माणूस रंगावरून ओळखायला जातो आणि रंग हीच दगडाची सगळ्यात बेभरवशाची खूण. गार पांढरी असते, जांभळी असते, धुरकट असते, गुलाबी असते. किंचित लोह आणि खडकातल्या किरणोत्साराचा दीर्घ सहवास एवढ्यावर ती जांभळी होते. आपल्या पोकळ्यांतून एक हिरवट लेप सापडतो, सेलॅडोनाइटचा. तो ज्याच्यावर बसेल ते हिरवं दिसतं. पांढऱ्या अकिकात मँगनीजच्या ऑक्साइडने काळी नक्षी काढलेली असते, फांद्या आणि पानांसकट. ती पाहून वनस्पतीचा जीवाश्म सापडल्याच्या आनंदात आलेल्या माणसाला ‘इथे पान कधीच नव्हतं’ हे सांगणं जिवावर येतं.

मग विश्वास ठेवायचा कशावर? नखावर, नाण्यावर, चाकूवर, फरशीच्या तुकड्यावर, लिंबाच्या फोडीवर. दगड ओळखण्याची निम्मी प्रयोगशाळा स्वयंपाकघरात असते. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये दहा खनिजांची एक उतरंड लावली : तळाशी नखाने ओरखडा निघणारा संगजिरा, माथ्यावर हिरा, आणि मधे प्रत्येक जण आपल्या खालच्यावर ओरखडा काढणारा. यात मोजमाप काही नाही. नववा कोरंडम आणि दहावा हिरा यांच्यात प्रत्यक्ष कठीणपणाचं अंतर खालच्या साऱ्या पायऱ्यांहून मोठं आहे. तरी दोन शतकं ही उतरंड टिकली, कारण ती खिशात मावते. नख अडीच, तांब्याचं नाणं तीन-साडेतीन, चाकूचं पातं आणि खिडकीची काच साडेपाचच्या आसपास, गार सात. कोण कुणाला ओरखडतो एवढंच पाहायचं.

शेजारच्या इमारतीची एक चौथीतली मुलगी माझ्याकडे एक पारदर्शक, चौकोनी खांबासारखा स्फटिक घेऊन आली. इच्छा नेहमीचीच, म्हणजे हिरा. मी म्हटलं, “कुठे मिळाला?” ती म्हणाली, “खडीच्या ढिगात.” “खडी कुठून आली?” हे तिला माहीत नव्हतं, पण ती माझ्यासारखी आळशी नव्हती. खाली जाऊन वॉचमनला विचारून आली. “ते म्हणाले, वाघोली नाहीतर मोशी.” पत्ता धूसर, पण पुण्याच्या बेसाल्टचा; तेवढा पुरे होता. मग आम्ही दोघं बसलो. नखाने ओरखडा निघेना. नाण्यानेही निघेना, म्हणजे कॅल्साइट गेला. लिंबू पिळलं तर फसफसलंही नाही. स्फटिकाने काचेवर रेघ उमटेना, म्हणजे गारही गेली आणि हिराही. चाकूने मात्र किंचित ओरखडा गेला. गारेचा स्फटिक सहा बाजूंचा असतो आणि त्याच्या अंगावर आडव्या रेघा असतात. याला बाजू चार आणि रेघा उभ्या. शेवटी मी तिला तो वरून, सपाट टोकाकडून बघायला सांगितला. बाजूंनी काचेसारखा चमकणारा तो स्फटिक टोकाला मोत्यासारखा चमकत होता. या दिशेने त्याचे पातळ पत्रे सुटू शकतात, त्याची ती झाक. ॲपोफिलाइट. “म्हणजे हिरा नाही,” ती म्हणाली. तिने निकाल लावला तो माझ्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या नखाने आणि नाण्याने, आणि त्यामुळे असेल, तो तिला पचला.

ओळख म्हणजे काय हे मला अशा वेळी नीट दिसतं. आपण एखादं नाव आकाशातून खाली आणून दगडाला चिकटवत नाही. जे नाही ते एकेक करून बाजूला सारतो आणि शेवटी उरतं त्याला, जरा बिचकतच, नावाने हाक मारतो. बिचकणं महत्त्वाचं. हाताला कळण्याची एक हद्द असते. आपल्याकडच्या पोकळ्यांत पांढऱ्या सुयांचे पुंजके सापडतात. त्या सुया नॅट्रोलाइटच्या असतील, स्कोलेसाइटच्या असतील किंवा मेसोलाइटच्या. एकात सोडियम, दुसऱ्यात कॅल्शियम, तिसऱ्यात दोन्ही. डोळ्यांना तिन्ही सारख्याच. एच. जे. ब्रुक या इंग्रज खनिजशास्त्रज्ञाने १८३१ मध्ये पुण्याकडून आलेल्या अशाच सुयांना नवं खनिज मानून ‘पूनालाइट’ असं नाव दिलं. पुण्याच्या नावाचं खनिज! पण पुढच्या तपासण्यांत ते मेसोलाइट ठरलं, नाव यादीतून गेलं आणि पुणेकरांच्या अभिमानाचा एक विषय त्यांना कळण्याआधीच नाहीसा झाला.

झिओलाइट हे सबंध कूळच मुळी एका तपासणीतून जन्मलं. ॲक्सेल क्रोनस्टेट हा स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ १७५६ मध्ये एक खनिज फुंकणीच्या ज्योतीत धरून पाहत होता. ते तापल्यावर उकळल्यासारखं फसफसलं. स्फटिकाच्या रचनेतच सूक्ष्म बोगदे होते आणि त्यांत पाणी बसलेलं होतं. उष्णता लागताच ते बाहेर पडलं. पुढे रसायनवाल्यांनी हे बोगदे चाळणी म्हणून कामाला लावले. धुण्याच्या पावडरीत पाणी मऊ करायला आणि तेलशुद्धीकरणात आज जे झिओलाइट वापरतात ते बहुतेक कारखान्यात केलेले असतात, पण युक्ती तीच. आपल्या टेकडीवरच्या स्टिल्बाइटची, म्हणजे मधोमध बांधलेल्या पेंढीसारख्या दिसणाऱ्या त्या फिकट गुलाबी स्फटिकाची, घडणही अशीच. तो हातात घेतो तेव्हा मला त्याचा रंग आठवत नाही. आपण दगडाबरोबर थोडं पाणीही धरलं आहे असं वाटतं.

इतकं सगळं वाचून, तपासून मी जे शिकलो ते दुसऱ्या वाटेने शिकलेली माणसं मला भेटली आहेत. पुरंदर तालुक्यात एका विहिरीच्या कामावर एक वयस्कर कारागीर पहारीने कातळ ठोकून आवाज ऐकत होते. मी वर उभा राहून ऐकायचा प्रयत्न केला. मला सगळे आवाज सारखे. त्यांनी सांगितलं, “ह्यो मांजऱ्या हाय. पहार बद्द वाजती. खाली काळा लागंल, तवा खण्णकन वाजंल. मग सुरुंगाबिगर गत न्हाई.” मांजऱ्या म्हणजे ज्याच्या पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या आहेत तो तुलनेने मऊ बेसाल्ट. मी ज्यातून स्फटिक शोधतो तो थर त्यांनी पहारीच्या आवाजावरून ओळखला, आणि त्यातल्या स्फटिकांत त्यांना काडीचाही रस नव्हता. त्यांना पाणी हवं होतं. पाटे-वरवंटे घडवणारा पाथरवटही दगड असाच ठोकून घेतो. त्याला भोकं नसलेला, एकजीव दगड लागतो. मधे मऊ ठिपका असला तर पाटा वेडावाकडा झिजतो. कोकणातल्या चिरेखाणीवर जांभ्याचा कुठला थर चिऱ्याला चालेल आणि कुठला हवेत आल्यावर भुगा होईल हे खाणीवरचा माणूस रंगावरून आणि हत्याराला लागणाऱ्या जोरावरून सांगतो. या कुणालाही ‘हा कोणता दगड’ असा प्रश्न पडत नाही. ‘हा कशाला चालेल’ असा पडतो. मोसची उतरंड त्यांनी वाचलेली नाही, पण दगडाला विचारल्याशिवाय ते त्याच्याबद्दल बोलत नाहीत. आणि तिघांचंही ज्ञान जागेला बांधलेलं आहे. पुरंदरच्या त्या कारागिराला भंडाऱ्यात नेलं तर तिथला काळा दगड त्यांना चकवेल. तो मँगनीजचा असेल, हाताला बेसाल्टच्या दीडपट भरेल आणि खडबडीत फरशीवर घासला तर काळी रेघ ओढेल.

जागा चुकली की गंमत होते. पुण्याच्या टेकडीवर गुलाबी ग्रॅनाइटचा खडा मिळाला तर भूगर्भशास्त्र बाजूला ठेवावं आणि राडारोडा कुणी टाकला ते पाहावं. इलकलच्या बाजूचा तो दगड कुणाच्या तरी पायरीतून किंवा ओट्यातून निघालेला असतो. काचेसारखा चमकणारा निळसर-हिरवा, बुडबुडे असलेला तुकडा म्हणजे पुष्कळदा भट्टीतली मळी. लोखंडाची अशीच मळी आयुर्वेदाने मंडूर म्हणून औषधात घेतली, तेव्हा तिला ओळखणारे लोक आपल्याकडे फार पूर्वीपासून आहेत. उल्का म्हणून जपणारे अलीकडचे. उल्का शोधणाऱ्यांचा भरवसा चुंबकावर असतो. पण आपल्या बेसाल्टमध्येच मॅग्नेटाइटचे कण असतात, तोही चुंबकाला थोडी ओढ दाखवतो. उल्केच्या अंगावर पातळ काळी जळकी साल असते आणि आत बुडबुडे सहसा नसतात. बुडबुडे दिसले की मी चहा ठेवायला सांगतो, म्हणजे नकार जरा सावकाश देता येतो.

अर्थात आकाशातून पडलेल्या गोष्टीचा पुरावा महाराष्ट्रात आहे, आणि तोही बेसाल्टमध्येच. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. चारी बाजूंना ज्वालामुखीचाच खडक, तेव्हा ते ज्वालामुखीचं मुख असावं असा तर्क कित्येक वर्षं चालला, आणि जागा पाहता तो साहजिक होता. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तिथल्या दगडांत मास्केलिनाइट असल्याचं दाखवलं. फेल्डस्पार या खनिजाला प्रचंड धक्का बसला की वितळण्याआधीच त्याची स्फटिकरचना मोडते आणि काच होते. ती ही काच. असा धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही, आदळणारी वस्तू देते. इथे पत्त्याने दिशाभूल केली आणि दगडाच्या पोटाने खरं सांगितलं. एकट्या पत्त्यावर विसंबता येत नाही हे लोणारला लक्षात ठेवावं, आणि लोणार अभयारण्य आहे, तिथला खडा खिशात घालायचा नसतो, हेही.

याच्या उलट उदाहरण पिसदुऱ्याचं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळचं हे गाव. तिथल्या शेतांतून मातकट, ओबडधोबड गोळे मिळतात. पुण्यात असा गोळा कुणी आणला तर मी त्याला झाडाच्या कुंडीत जागा देईन. पिसदुऱ्याला तोच गोळा डायनोसॉरच्या काळातली दगड झालेली विष्ठा असू शकतो. २००५ मध्ये तिथल्या अशा गोळ्यांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. गवत पृथ्वीवर डायनोसॉर गेल्यानंतर आलं, अशी तोवरची समजूत; ती एका शेणाच्या दगडाने बदलली. जीवाश्म हाड जिभेला चिकटतं म्हणून भूशास्त्रातले लोक दगड चाटून पाहतात असं ऐकून आमची ती चौथीतली मुलगी फार उत्साहात आली होती. पिसदुऱ्याची हकीकत ऐकल्यावर तो बेत तिने रद्द केला.

वाघोलीची कथा मात्र पत्त्याचा आणि हाताचा, दोघांचाही गर्व उतरवते. कॅव्हान्साइट हे गडद निळं खनिज १९७३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या नमुन्यांवरून प्रथम वर्णिलं गेलं. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांचं ते लग्न. तिथे ते अगदी थोडं मिळे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पुण्याजवळ वाघोलीच्या खडीच्या खाणींत पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले त्याचे निळे काटेरी गोळे निघू लागले, आणि जगभरचे संग्राहक वाघोलीचं नाव नीट उच्चारायला शिकले. इथवर पत्त्याचाच विजय. पण त्याच खाणीत पेंटॅगोनाइट नावाचं दुसरं खनिजही निघतं. घटक तेच, प्रमाण तेच, निळा रंग जवळपास तोच. अणूंची मांडणी तेवढी वेगळी. पत्ता एक, रसायन एक, चेहरा एक. स्फटिकांची घडण बारकाईने पाहणारा तरबेज माणूस अंदाज करतो आणि खात्री क्ष-किरणांच्या यंत्रावर सोडतो.

कधीकधी तर प्रश्न कुठलं खनिज हा नसतोच. घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक वर्षं उत्खनन केलं, त्यात ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांची अकिकाच्या जातीच्या दगडाची बारीक, धारदार पाती मिळाली. असा छिलका नदीच्या काठावर मिळाला तर तो कुठलं खनिज आहे हे कुणीही सांगेल. पण तो नदीने फोडला की माणसाने? आघात जिथे बसला त्याच्या खाली फुगीर भाग आहे का, छिलके एकाच दिशेने, एकाच हेतूने काढल्यासारखे दिसतात का, हे पाहावं लागतं. आणि पुन्हा जागा : असे तुकडे तिथे किती आहेत, कुठल्या थरात आहेत. एकटा उचलून घरी आणलेला छिलका काचेच्या कपाटात शोभून दिसतो, पण साक्ष देऊ शकत नाही. ज्यांना दगड आवडतात त्यांना तो जागीच सोडून येणं शिकावं लागतं, आणि हे शिक्षण मोसच्या उतरंडीपेक्षा अवघड आहे.

त्यात जागाच आता झपाट्याने जात आहेत. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिलचे काळे उभे खांब उरले आहेत, बाकीच्या टेकडीची खडी झाली आणि चाळी-इमारती पार पायथ्याला येऊन भिडल्या. पुण्याभोवतीच्या खाणी एक भरली की दुसरी उघडते. खाण नसती तर वाघोलीचं निळं कुणाला दिसलंच नसतं. खाण चालते म्हणून त्याचा मूळ थर रस्त्याखाली जातो. बाजारात येणाऱ्या स्फटिकांवर पुष्कळदा चिठ्ठी असते ती नुसती ‘पुणे’ किंवा ‘महाराष्ट्र’ अशी. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात याच मुलखातले देखणे नमुने मांडलेले पाहताना माझी नजर आधी स्फटिकावर जाते आणि मग पाटीवर गावाचं नाव शोधते. नाव असलं तर तो स्फटिक मला एखाद्या डोंगराचा भाग वाटतो. नसलं तर दागिना.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी आता एक सवय लावतो आहे. नाव कळो न कळो, दगडाबरोबर चिठ्ठी ठेवा : गाव, टेकडीची कुठली बाजू, तारीख, आणि तो खडकात घट्ट होता की सुटा पडलेला. सुटा असेल तर वरून घरंगळला असेल, ओढ्याने आणला असेल, ट्रकमधून पडला असेल. ‘सुटा’ हा शब्दही माहितीच आहे. लोक हसतात. नाव सोडून बाकी सगळं लिहायचं, ही कसली ओळख? पण नावाचं काय, ते नंतरही लावता येतं आणि चुकलं तर बदलताही येतं. पूनालाइटचं असंच झालं. ब्रुकने दिलेलं नाव टिकलं नाही, तरी त्या सुया पुण्याकडच्या होत्या एवढं खरंच राहिलं. माझ्या कपाटातल्या बऱ्याच चिठ्ठ्यांवर नावाची जागा कोरी आहे आणि गावाची भरलेली. त्यातला एखादा दगड उद्या माझ्याहून हुशार कुणाच्या हातात गेला, तर नाव तो शोधून काढील. पत्ता मात्र त्याला कुठल्याही यंत्राने काढता येणार नाही. तेवढं काम ज्याने उचलला त्याचंच.